पोटात ज्वारी पिकवणारा डबा

मी एक खेळाचा डबा बोलतोय. लाडू-चिवड्याचा नव्हे हो! टीव्हीला जोडायचा आणि दांडी हलवून, बटण दाबून खेळायचा तो. दुकानदार मला ‘टीव्ही-गेम’ म्हणाला होता, पण आमच्या शिवम्मा पहिल्या दिवसापासून डबाच म्हणतात. आता मलाही तेच नाव बरं वाटतं.

माझा जन्म कुठल्या परमुलखातल्या कारखान्यात झाला, ते मला नीट आठवत नाही. आठवते ती खोक्यातली थर्माकोलची करकर. १९९१च्या उन्हाळ्यात मल्लूनं मला हैदराबादला विकत घेतलं आणि रेल्वेत मांडीवर धरून परभणीला आणलं. मल्लू म्हणजे मल्लम्मा, शिवम्मांची लेक. स्टेशनजवळच्या टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात ती काम करते. गिऱ्हाईक विचारतं, “मिस्त्री कुठायत?” ती म्हणते, “मीच. काय बिघडलंय?” मग गिऱ्हाईक जरा गडबडतं आणि मुकाट्यानं टीव्ही टेबलावर ठेवतं.

मला आणलं होतं ते मल्लूच्या वडिलांसाठी. रेवणप्पांची शेती राणीसावरगावला. उजव्या हाताला लकवा झाला, तेव्हा शेत पुतण्याच्या हवाली करून दोघं नवरा-बायको लेकीकडे राहायला आली. डॉक्टरांनी सांगितलं, बोटं हलती ठेवा. मल्लूनं दाबायला रबरी चेंडू आणून दिला. अप्पांनी तो खिडकीतून बाहेर फेकला, तोही डाव्या हातानं! मग मी आलो.

माझ्या पोटात एकच खेळ होता. रस्ता, मोटार आणि समोरून येणाऱ्या मोटारी. पहिल्या दिवशी अप्पांचा उजवा अंगठा बटणावर नुसता थरथरत राहिला. महिन्याभरात तो बटण दाबायला लागला. दोन महिन्यांत अप्पा सकाळी चहा झाला की स्वतःहून म्हणायचे, “लाव गं डबा.” त्या दिवसांत मी काय ऐटीत होतो म्हणून सांगू! घरात माझ्याइतका मान कुकरलासुद्धा नव्हता.

पण माणसाला एकच रस्ता किती दिवस पुरणार? दिवाळीपर्यंत अप्पांना माझी एकूण एक मोटार पाठ झाली. डोळे मिटून चालवायचे. पुढे चालवेनासेच झाले. आठ दिवस दांडीला हात नाही. मल्लूनं एका संध्याकाळी त्यांची बोटं हातात घेतली, तर ती पुन्हा आखडायला लागली होती.

मल्लू त्याआधीच कामाला लागली होती. चौकटीच्या वहीत ती एक नवा खेळ लिहीत होती. एकेक चौकोन काळा करून तिनं पाखरं काढली, ज्वारीची कणसं काढली, शेतातला उंच माळा काढला आणि त्यावर गोफण घेतलेला माणूस काढला. त्याला पटकासुद्धा बांधला. शिवम्मांना वाटलं, लेक रांगोळीचे ठिपके मांडायलीय. मग वहीतला सगळा प्रोग्रॅम हैदराबादच्या मैत्रिणीकडे गेला आणि तिच्याकडच्या यंत्रावर एका आयसीत भरून परत आला. आयसी म्हणजे काळा चपटा तुकडा, दोन्ही बाजूंनी गोमेसारखे पाय असलेला. मला हा खेळ लावायचा, तर माझं पोट उघडून जुनी आयसी उपटायची आणि ही घरची बसवायची.

ते ऐकून माझी काय गाळण उडाली! आयसीचा पाय मोडला, ती बसते ती खोबण फाटली, तर ना जुना खेळ ना नवा. दुसरा डबा आणायची ऐपत नव्हती, आणि अप्पांच्या हाताला तर माझ्याशिवाय कशाचीच गोडी नव्हती.

मल्लूचे मामा बसवंतराव, कापडाचे दुकानदार, नेमके तेव्हाच आले. म्हणाले, “कंपनीनं पॅक करून दिलंय ते कंपनीला ठाऊक. घरी लिहिलेलं घालून चालतं व्हय?”

अप्पाही म्हणाले, “चालती मोटार हाय. कशाला खोलायलीस?”

“पण तुमी चालवता कुठं, अप्पा?” मल्लू म्हणाली. “आठ दिस झालं. हात बगा तुमचा.”

अप्पांनी हात उपरण्याखाली घेतला. तेवढ्यात शिवम्मांनी ती चौकटीची वही उचलून त्यांच्या पुढ्यात टाकली. अप्पांनी पानं उलटली. एका पानावर थांबले आणि भुवया वर गेल्या.

“हा पोपट हाय का कोंबडी?”

“पोपट हाय, अप्पा.”

“आगं, चोच लय सरळ काढलीस. आन् पोपट येतो ते थव्यानं, असा एकटा मरायला येत न्हाई.” आणखी दोन पानं उलटून झाली. मग हळूच म्हणाले, “बरं, खोल. पर जुनी आयसी जपून ठेव. आन् बिघडलं तर मला तोंड दावू नको!”

पेचकस फिरला. चार स्क्रू निघाले. माझ्या पोटात पहिल्यांदा वारा शिरला आणि मला गुदगुल्या झाल्या. मल्लूनं श्वास धरून जुनी आयसी उपसली आणि हात धुवायला आत गेली. परत येऊन नवी बसवली, झाकण लावलं, बटण दाबलं.

पडद्यावर नुसत्या आडव्या रेघा.

पुन्हा बटण दाबलं, पुन्हा रेघा. मल्लूनं घाईनं जुनी आयसी परत बसवली. तरी रेघाच! बसवंतराव म्हणाले, “म्हणलं नव्हतं मी?” अप्पा उठले आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसले. मल्लूच्या डोळ्यांत पाणी आलं. मी आतून ओरडत होतो, अगं, मी मेलो नाही! घशात काहीतरी अडकलंय! पण माझा आवाज टीव्हीतून येतो, आणि तिथं नुसत्या रेघा होत्या.

मल्लूनं डोळे पुसले. गालावर पांढरा पट्टा उठला. तिनं बोटं पाहिली, वास घेतला आणि घाईनं नवी आयसी उजेडात धरली.

“अव्वा! ही विभूती कुणी लावली?”

“मीच की,” शिवम्मा म्हणाल्या. “तू हात धुवायला गेलीस तवा. नवं काम, लय जोखमीचं, आन् विभूतीबिगर करायचं? तीन बोटं ओली करून लावली. तिकडच्या अंगानं बी लावली, जिकडं पाय हायत त्याला.”

मल्लू आधी कपाळाला हात लावून बसली, आणि मग जी हसायला लागली, ती थांबेचना. पायांना लागलेली ओली विभूती माझ्या खोबणीत उतरली होती! मग स्पिरिट आलं, जुना टूथब्रश आला. माझा घसा दोनदा स्वच्छ झाला. शिवम्मांनी बिचाऱ्यांनी दहादा विचारलं, “आता तरी लावू का?” शेवटी मल्लूनं त्यांच्याकडून झाकणावर वरून तीन पट्टे ओढून घेतले. ते अजून माझ्या कपाळावर आहेत.

बटण दाबलं. पडद्यावर ज्वारी उभी राहिली!

“अप्पा, या की लवकर!”

अप्पा आले आणि दांडी धरून बसले. डाव्या बाजूनं पोपटांचा थवा आला. अंगठा बटणावर गेला, गोफण फिरली, पाखरं भुर्र. “हाऽऽ हो!” अप्पांनी अशी आरोळी ठोकली की शेजारच्या केशरबाई काय झालं म्हणून धावत आल्या. अप्पांनी अर्धा तास अंगठा थांबू दिला नाही. मलाच दम लागला.

मग एक थवा उजव्या कडेच्या ज्वारीवर उतरला. अप्पांनी अंगठा उचलला आणि निवांत बघत राहिले.

“अप्पा, हाणा की!”

अप्पा हलले नाहीत. पाखरांनी कणसं टिपली आणि पडद्यावर अक्षरं आली: खेळ संपला.

“हे खोटं हाय,” अप्पा रागावून म्हणाले. “बांधाकडली दोन तासं, कडंच्या दोन ओळी, पाखरांसाठी आसतात. तुझ्या पणज्यापासून आमी तिथं गोफण मारली न्हाई. पाखरांनी त्यांचं त्यांचं खाल्लं तर खेळ कसा काय संपतो?”

“अप्पा, डब्याला काय ठाऊक?”

“मग सांग त्याला.”

“तसं करायचं तर सगळं पुन्हा लिवावं लागंल. हैदराबादला धाडावं लागंल. आन् डबा परत खोलावा लागंल.” मल्लूनं शेवटचं वाक्य जरा भीतभीतच म्हटलं.

अप्पांनी टेबलावरचा पेचकस उचलला आणि लेकीपुढे धरला.

“मग खोल की!”

उजव्या हातानं धरला होता. आधी ते मी पाहिलं, मग शिवम्मांनी, आणि मल्लूनं तर तो पेचकस घ्यायच्या आधी हातच घट्ट धरला.

त्यानंतर माझं पोट तीनदा उघडलंय. एक स्क्रू हरवला, तिथं आता उदबत्तीची काडी ठोकलीय. बसवंतरावही दुकान बंद करून येतात आणि पोपटांवर ओरडतात. कारखान्यातून निघालो तसा मी राहिलो नाही, पण मला त्याचं काही वाटत नाही.

वाचकहो, कधी परभणीत आलात, तर आमच्याकडे खेळायला या. वाटेल तेवढी गोफण फिरवा. फक्त बांधाकडची दोन तासं सोडा. तिथं पाखरं बसली, तर आता माझा खेळ संपत नाही.