कासवाचा कौल

मंगळवारी सकाळी नऊ वाजता आमच्या फणसकोंडच्या गावदेवीच्या देवळात पाय ठेवायला जागा नव्हती. देवरूखहून आलेली एसटी फाट्यावर रिकामी झाली होती आणि तिचा ड्रायव्हर-कंडक्टरही चपला काढून सभामंडपाच्या दारात टाचा उंच करून उभे होते. सगळ्यांच्या नजरा खाली लादीवर. मुंबईच्या ग्रामस्थ मंडळाने गेल्या वर्षी बसवलेल्या त्या पांढऱ्याशुभ्र लादीवरून परातीएवढं एक गोल यंत्र, पाठीवर हळदकुंकू आणि एक जास्वंद घेऊन, घुरघुरत चाललं होतं.

"सफाई शुरू हो रही है," यंत्र बाईच्या आवाजात म्हणालं.

"ऐकलंत बाळांनो? कासवदेव अंतःकरणाची सफाई करायला निघाले," रावजी म्हणाला. तो गाभाऱ्याकडे पाठ करून उंबऱ्याशी मांडी घालून बसला होता. अंगावर काळी घोंगडी, तिचा पदर पुढे लादीवर पसरलेला. त्याच्यासमोर हात जोडून बसलेलं पहिलं बाळ म्हणजे भिवा, वय वर्षं चौऱ्याहत्तर.

"परड्यात विहीर खणू काय, देवा?" भिवाने विचारलं.

यंत्र सरळ रावजीवर चालून गेलं. आता आपटणार असं वाटत असताना त्याच्या गुडघ्यापासून चार बोटांवर थांबलं, अदबीने मागे सरकलं आणि देवीच्या उजव्या हाताला वळलं.

"उजवा दिलान," मंडपभर कुजबुज झाली. भिवाने डोळे पुसले.

बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. आमच्याकडे कौल लावल्याशिवाय पान हलत नाही. देवीच्या अंगावर दोन्ही बाजूंना फुलांचे कळे चिकटवायचे आणि प्रश्न विचारायचा. उजवा कळा पडला तर हो, डावा पडला तर नाही. ही जुनी रीत. रावजीने कळ्यांना सुट्टी देऊन त्यांच्या जागी कासव नेमलं होतं.

पुढे गंगुबाई सरसावली. "माझी कोंबडी जावेनं कापलीन काय?" कासव डावीकडे गेलं. गंगुबाईचा चेहरा पडला. जावेने तिथल्या तिथे नारळ फोडला. लोक वाहत होते ती फुलं, अक्षता, कासव जाता जाता पोटात घेत होतं आणि बायका प्रत्येक पाकळीला नमस्कार करत होत्या. मध्येच ते म्हणालं, "कूड़ादान भर गया है."

"गावाचं पाप भरलं," रावजीने खुलासा केला. कासव थकून हळू झालं तेव्हा देवाला भूक लागली म्हणून त्याने ते प्लगाला लावलं आणि सगळ्यांना दुपारपर्यंत उपास करायला सांगितलं.

आता मला एक गोष्ट कबूल करायला हवी. हे कासव माझं.

मी सखाराम शिवगण. तालुक्यातल्या हायस्कुलात चौतीस वर्षं विज्ञान शिकवलं. सुट्टीच्या दिवशी गावोगाव हिंडून लिंबातून रक्त काढून दाखवलं, करणीच्या नारळाला आग कशी लागते ते समजावलं. बुवा लोक मला बघून रस्ता बदलायचे. अशा माझ्या घरी पनवेलच्या लेकीने, रेणुकाने, दिवाळीत हे केर काढायचं यंत्र आणलं. आईला दिसत नाही, तिला झाडू मारायला लावू नका, म्हणाली. तिने ते फोनला जोडून दिलं, वेळ लावली आणि ती निघून गेली.

जाताना मला फोनवर दाखवून गेली की यंत्र घराचा नकाशा काढणार आहे. एकसष्ट वर्षं मी या घरात राहतो, मला कधी नकाशा लागला नाही. ह्याला कशाला हवा? दुसऱ्या दिवशी अकराच्या ठोक्याला ते आपण होऊन जागं झालं आणि माजघरातून पडवीपर्यंत माझ्या मागे मागे आलं. मी खाटेवर चढलो. ते खाटेखाली शिरलं आणि तिथेच अडकून बसलं. पाऊण तास मी वर, ते खाली.

"उतरा की," सौ. म्हणाली.

"वाचतोय," मी म्हणालो. हातात काही नव्हतं.

आठवड्याभराने मी ते देवळात नेऊन दिलं. भाषणही केलं. वैज्ञानिक दृष्टिकोनाचं प्रतीक म्हणून हे यंत्र मंदिराच्या स्वच्छतेला अर्पण करतो, असं म्हणालो. लोकांनी त्यातला 'अर्पण' तेवढा लक्षात ठेवला. यंत्राबरोबरचं माहितीपुस्तक माझ्याकडेच राहिलं. तांदळाचं पिंप डुगडुगत होतं, ते मी त्याच्याखाली घातलं होतं.

रावजी शिमग्याला मुंबईहून कायमचा परतला होता. बारा वर्षं एका महात्म्याच्या चरणी सेवा केली, असं सांगायचा. कुठल्या, ते कोणी विचारलं नाही. यंत्राची देखभाल त्याने आपणहून मागून घेतली आणि तिसऱ्या आठवड्यात त्याचा देव झाला.

मी गप्प बसलो नाही. "अरे, यंत्र आहे ते," मी भिवाला सांगितलं.

"यंत्र हाय ता आमाला पण दिसताय, गुरुजी," भिवा शांतपणे म्हणाला. "पण खांबाला ता डोका आपटताय, भिंतीला आपटताय. मग रावजीला न शिवता मागं कसा सरताय? आणि दिशा कशी कळते तेला?"

प्रश्न अगदी रास्त होता. माझ्या वर्गात कोणी असा प्रश्न विचारला असता तर मी त्याची पाठ थोपटली असती. उत्तर शोधायचं तर यंत्र हातात घेऊन उलटं करून बघायला हवं होतं. माझा हात धजेना. "बघू नंतर," म्हणून मी घरी आलो. चौतीस वर्षांत एवढं पुचाट उत्तर मी दिलं नव्हतं.

आणि त्या मंगळवारी गंगुबाई उठल्यावर तिच्या जागी कोण बसलं, तर आमची सौ., दमयंती.

तिच्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू पिकलेला. डावाही फार बरा नाही. देवरूखच्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, आता थांबू नका, उशीर झाला तर अवघड होईल. आधी दोनदा तारीख घेऊन तिने काहीतरी निमित्त काढलं होतं. तिसरी तारीख होती येत्या शुक्रवारची.

"डोळ्याचं ऑपरेशन करू का?" तिने विचारलं.

कासव डावीकडे वळलं.

रावजीने तिला एक छोटी बाटली दिली. "डोळ्याला शस्त्र लावायचं नाही, माय. हे कासवतीर्थ. देवाच्या पोटातून आलेलं. गुरुवारपासून एकवीस दिवस, रोज दोन थेंब डोळ्यात." असं म्हणून त्याने लोकांच्या डोक्यांवरून माझ्याकडे बघितलं. गुरुजींची बायकोच तीर्थ घेते म्हटल्यावर गुरुजी कोणत्या तोंडाने बोलणार, हे त्याला बरोबर कळलं होतं.

घरी आल्यावर मी खूप बोललो. ती तांदूळ निवडत, म्हणजे चाचपत, ऐकत होती. शेवटी म्हणाली, "मला भीती वाटते हो. डोळ्यात सुरी घालणार. कासवाने नाही म्हटलं तेव्हा मला इतकं बरं वाटलं."

"अगं, पंधरा मिनिटांचं काम आहे. त्यात कसली भीती?"

"तुम्हाला केर काढायच्या यंत्राची वाटते. मी हसले का तुम्हाला?"

खरं तर हसली होती. पण वाद घालण्यासारखी माझी बाजू नव्हती.

बुधवारी दिवेलागणीला ती तुळशीपाशी दिवा ठेवून परत येत होती. दारात काळं रबरी पायपुसणं होतं. त्याच्या कडेशी ती थबकली, पायाच्या अंगठ्याने पुढचं चाचपलं, एक पाऊल मागे घेतलं आणि बाजूच्या पांढऱ्या लादीवरून वळून आत आली.

"असं का गं चाललीस?"

"ते काळं दिसलं की खड्डाच वाटतो मला. कळतं पायपुसणं आहे म्हणून, तरी पाय उचलत नाही."

थांबणं, मागे सरकणं, बाजूला वळणं. हे सगळं मी कालच बघितलं होतं. मी धावत जाऊन तांदळाच्या पिंपाखालचं पुस्तक ओढलं. पिंप कलंडून दोन शेर तांदूळ सांडले. चौदाव्या पानावर बारीक अक्षरात हिंदीत लिहिलं होतं की यंत्र जिन्यावरून पडू नये म्हणून त्याच्या पोटाशी डोळे बसवले आहेत. ते जमिनीवर प्रकाश टाकतात आणि परत आलेला बघतात. काळ्या जाजमावरून प्रकाश परत येत नाही, म्हणून यंत्राला तो खड्डा वाटू शकतो. काळी जाजमं आधी उचलून ठेवावीत.

"दमयंती, उद्या सकाळी एकदा माझ्याबरोबर देवळात चल. तोवर ते थेंब घालू नकोस."

"तुम्ही त्या यंत्राला हात लावणार?"

"लावणार."

"मग येतेच. हे चुकवायचं नाही मला," ती म्हणाली.

गुरुवारी मी छत्री घेऊन देवळात गेलो. लख्ख ऊन होतं. गुरुजी कौल लावायला बसले हे बघून मंडपात समाधान पसरलं. रावजी तर विरघळलाच. "ये बाळ," म्हणाला. मी त्याच्यापेक्षा पंचवीस वर्षांनी मोठा आहे.

"प्रश्न माझा नाही, गंगुबाईंच्या कोंबडीचा आहे," मी म्हणालो. "पण त्याआधी ती घोंगडी बाजूला काढून ठेव."

"घोंगडीत तप आहे. काढली तर कोप होईल."

"होऊ दे. माझ्यावर होईल."

भिवा म्हणाला, "काढ रे, रावजी. गुरुजी एवढा बोलतायत तर." रावजीला काढावी लागली. आता यंत्र सुरू करायचं होतं. बायको टक लावून बघत होती, जेवढं दिसत होतं तेवढं. मी डोळे मिटून बटण दाबलं. "सफाई शुरू हो रही है," ते म्हणालं आणि मी दोन पावलं मागे उडालो. तरी झालं एकदाचं.

कासव सरळ गेलं आणि रावजीच्या गुडघ्यावर धाडकन आपटलं. मागे सरून पुन्हा आपटलं. रावजी कळवळला.

मी यंत्र उचलून पुन्हा मागून सोडलं आणि माझी काळी छत्री अर्धी उघडून तिचं सैल कापड रावजीच्या डाव्या बाजूला लादीवर सपाट पसरलं. "गंगुबाई, विचारा."

"जावेनं कापलीन काय?"

कासव छत्रीच्या कडेशी थांबलं, मागे सरलं, उजवीकडे वळलं. जाऊ रागाने उभी राहिली. मी छत्री दुसऱ्या बाजूला ठेवली, प्रश्न तोच. कासव डावीकडे. जाऊ खाली बसली.

"म्हंजे कोंबडी कुणी कापलीन?" गंगुबाईने विचारलं.

"ते छत्रीला माहीत नाही," मी म्हणालो आणि खड्ड्याची गोष्ट सगळ्यांना समजावून सांगितली. रावजी घोंगडीचा पदर ज्या बाजूला सरकवायचा, त्याच्या उलट बाजूला कासव वळायचं. मग भिवाची, ड्रायव्हरची, गंगुबाईच्या जावेची, अशा उन्हासाठी आणलेल्या आणखी तीन काळ्या छत्र्या मागून घेतल्या आणि चारही यंत्राभोवती मांडल्या. कासव इकडे वळलं, तिकडे वळलं, जागच्या जागी गोल फिरलं आणि दीनवाण्या आवाजात म्हणालं, "कृपया मुझे दूसरी जगह रखिए." पहिल्यांदा कंडक्टर हसला, मग सगळा मंडप.

मी ते उलटं केलं आणि पोटातली पाण्याची टाकी काढून दाखवली. खाली ओलं फडकं होतं, गावभरच्या पायांची माती पुसून काळं झालेलं. रावजी टाकी भरायचा आणि फडकं पिळून येईल ते बाटलीत धरायचा. गंगुबाई तीन दिवस ते प्रसाद म्हणून पीत होती. ती उठून विहिरीकडे गेली.

"तुला हे कसं ठाऊक, रावजी?" भिवाने विचारलं.

रावजी गुडघा चोळत होता. "मॉलात कामाला होतो. बारा वर्षं. अशी सहा यंत्रं सांभाळायचो," तो खाली बघून म्हणाला. "काळी पायपुसणी उचलायचा विसरलो की साहेब ओरडायचा. गेलो-आलो तर कोण वळून बघत नव्हता. हितं सगळी माझ्यासमोर बसली."

मला त्याचा राग आला होता आणि अजूनही आहे. त्या बाटलीने माझ्या बायकोचा डोळा गेला असता. पण या गावात यंत्राबद्दल खरी माहिती असलेला एकटा तोच होता, आणि त्याला ती कोणी विचारली नाही, मीही नाही.

एवढ्यात दमयंती उठली. चाचपत पुढे आली, माझ्या हातातली छत्री तिने घेतली आणि वाकून ती रावजीच्या डाव्या बाजूला ठेवली. नीट लागली ना, म्हणून दोनदा हाताने बघितलं.

"सोडा आता ते," ती मला म्हणाली. "उद्या ऑपरेशनला जाऊ का?"

कासव उजवीकडे वळलं.

"दिला उजवा," ती म्हणाली. "मीच लावला, मीच दिला. भीती आहे ती आहेच. चला, पिशवी भरायची आहे."

शुक्रवारी ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी पट्टी काढल्यावर तिने डॉक्टरीणबाईंचे आभार मानले आणि घरी येऊन आढ्याकडे बघत म्हणाली, "केवढी जाळी लागली आहेत." यंत्र आम्ही परत आणलं. रविवारी रावजी येऊन मला त्याची बटणं शिकवतो. शिकवताना बाळ म्हणत नाही.

लोकांना शहाणं करायला मी आयुष्यभर हिंडलो. म्हणून सांगतो, आणि आधी स्वतःला सांगतो. न समजलेल्या वस्तूपुढे लोकांनी हात जोडले आणि मी खाटेवर चढलो. पण तिच्या पोटाशी काय आहे ते बघितलं कोणीच नाही. आधी वस्तू उलटी करून बघा, माहितीपुस्तक असेल तर वाचा, समजलं नाही तर माहीत असलेल्याला विचारा. भीती वाटत असली तरी हे करता येतं. मी करून बघितलं आहे.

हे लिहीत असताना अकरा वाजले आहेत आणि ते पडवीत आलं आहे. दमयंती काळा चष्मा लावून दारात उभी आहे.

"पाय खाली घ्या," ती म्हणते. "मला आता सगळं दिसतं."