क्लेमची दोन अक्षरं

क्लेम पॅस्को गेला तेव्हा त्याचे हॅम रेडिओवाले, म्हणजे हौसेने रेडिओवर गप्पा मारणारे, दोस्त ऑस्ट्रेलियातल्या मूंटा गावच्या चर्चमध्ये जमले आणि शवपेटीवर बोटांनी टकटक करत त्यांनी त्याला मोर्सच्या ठोक्यांच्या भाषेत निरोप दिला. पाद्री नवीन होता. त्याला वाटलं, आतून कुणीतरी ठोठावतंय. बिचारा झाकण उघडायला धावला. क्लेमची बायको ऊना त्या दिवशी तेवढीच हसली, आणि मग रडू आवरेना.

दोन दिवसांनी कळलं, की क्लेमचं रेडिओवरचं सरकारी नाव, त्याचा कॉलसाइन, वर्षभर घरच्यांसाठी राखून ठेवणार आणि मग मागेल त्याला मिळणार. त्या नावाच्या शेवटी दोनच अक्षरं, के आणि यू. हवेत प्रत्येक अक्षरासाठी ठरलेला शब्द वापरतात, म्हणून त्याला सगळे 'किलो युनिफॉर्म' म्हणायचे. असं आखूड नाव फक्त सगळ्यात वरच्या परवान्यावर मिळतं. ऊनाकडे सगळ्यात खालचा परवाना होता: सेटला जेमतेम दहा वॅटची ताकद आणि मालगाडीएवढं लांब नाव. ॲडलेडचा कुणी परका उद्या 'किलो युनिफॉर्म' म्हणून बोलायला लागला तर? एकाहत्तराव्या वर्षी बाई अभ्यासाला बसली.

शिकवायला क्लेमचा दोस्त डड्ली ट्रेझाइज यायचा, तिच्या हातची खिमा-बटाट्याची पेस्टी खायच्या बोलीवर. पहिल्याच दिवशी त्याच्या देखरेखीखाली तिने क्लेमच्या मोठ्या सेटचं बटण दाबलं आणि समोरच्या बाईच्या गॅरेजचं दार आपोआप उघडलं. पुन्हा दाबलं, बंद झालं.

"चला," डड्ली म्हणाला, "निदान कुणीतरी उत्तर देतंय."

गणितं काही जमेनात. ती वैतागून म्हणाली, क्लेमला हे सगळं कसं यायचं कोण जाणे. डड्लीने तोंडातला घास गिळला.

"क्लेम तीनदा नापास झालेला, ऊना."

"मला तर म्हणाला, परीक्षक आजारी पडला."

"तिन्ही वेळा?"

"तिन्ही वेळा. एकदा तर मी त्या परीक्षकाला सूप पाठवलं होतं."

"फक्कड होतं," डड्ली म्हणाला. "आम्ही दोघांनी गाडीत बसून प्यायलं."

ती पहिल्या खेपेला दोन मार्कांनी नापास झाली. दुसऱ्या खेपेला पास झाली, वर्ष संपायला अकरा दिवस उरले असताना. दोन अक्षरं घरात राहिली.

रविवारी सकाळी आठला क्लेमचे सगळे म्हातारे रेडिओवाले दोस्त आपापल्या सेटला कान लावून बसले होते. ऊना परसातल्या रेडिओच्या शेडमध्ये क्लेमच्या खुर्चीत बसली, डड्ली शेजारी. हवेत बोलायची रीत ठरलेली: ज्याला हाक मारायची त्याचं नाव आधी, मग आपलं. दूध आणायचं का, एवढं विचारायलासुद्धा ती वीस वर्षं गाडीतून अशीच या शेडला हाक मारत आली होती.

तिने बटण दाबलं.

"किलो युनिफॉर्म," ती सवयीने म्हणाली, "किलो युनिफॉर्म, मी..."

पुढे आपलं नाव घ्यायचं होतं. आणि आता तेही तेच होतं.

बोट बटणावर तसंच राहिलं. बऱ्याच वेळाने डड्ली हळूच म्हणाला, "सोड ते, ऊना. दाबून धरलंस तर पलीकडचं ऐकू येत नाही."

"माहितीये," ऊना म्हणाली.

आणि तिने बटण सोडलं नाही.