सांजेचा काळा फोटो

मी एक स्क्रिप्ट बोलतेय. स्क्रिप्ट म्हणजे संगणकाला सांगून ठेवलेलं काम. पडद्यावरच्या, कोंबड्यांच्या शेडचं तापमान दाखवणाऱ्या विंडोचा फोटो काढायचा आणि सुरतेला नोकरी करणाऱ्या चेतनाच्या मोबाईलवर पाठवायचा, एवढंच माझं काम. वडील दोधूभाऊ गेले, नवापूरजवळची पोल्ट्री आई सुंदरबाईंवर आली, तेव्हा चेतनानेच मला लिहिलं.

दिवसा माझे फोटो स्वच्छ जात. सांज झाली की थेट सकाळपर्यंत काळे. चेतना मेटाकुटीला आली. सुरतेहून तिने माझ्या ओळी बदलल्या, मला पुसून पुन्हा बसवलं. विंडो खाली केलेली, म्हणजे मिनिमाइझ केलेली, असली की माझ्या हाती अंधारच लागतो, हे तिला ओरडून सांगावंसं वाटे. पण मला तोंड कुठे आहे?

मे महिन्यात एका सांजेला शेडचे पंखे बंद पडले. मी काळा फोटो पाठवला. नेहमीचाच म्हणून चेतनाने तो उघडलाही नाही. सुंदरबाई शेडात गेल्या तेव्हा पक्षी चोची वासून मरून पडले होते. त्या तिथेच मातीत बसून रडल्या.

नवी पिल्लं आली तशी चेतना रजा काढून आली आणि संगणकाशेजारी ठाण मांडून बसली. दिवेलागणीला सुंदरबाई अगरबत्ती घेऊन आल्या. त्यांनी माऊसने विंडो खाली केली. मागे, पडद्यावरच्या फोटोत, टोपीतले दोधूभाऊ हसत होते.

"माय, हाई काय करी ऱ्हायनी तू?"

"रोजच करस. दिनभर तुन्हा बाप त्या आकडास्ना खाले दबेल ऱ्हास. रातले तरी मोकया ऱ्हावू दे."

त्या रात्री चेतनाने माझ्यात एक ओळ वाढवली: विंडो खाली दिसली की आधी वर आणायची, मग फोटो. दुसऱ्या दिवशी ती सुरतेला परतली.

आता माझं काही चुकत नाही. पिल्लं सुखरूप आहेत. पण सुंदरबाई हात जोडून उभ्या असतात आणि मी दोधूभाऊंवर आकडे ओढते. त्या पुन्हा विंडो खाली करतात, मी पुन्हा वर आणते. मी कोण, हे त्यांना ठाऊक नाही. काल त्या पडद्याला हळूच म्हणाल्या, "मन्हावर राग उना का तुमले?"

चेतना, पिल्लांसाठी मी हे करतच राहीन. तू फक्त ये, या भिंतीत एक खिळा ठोक आणि दोधूभाऊंचा फोटो तिथे लाव.