पिशवी काढून टाका

ऑपरेशनसाठी उपाशी बसवलेल्या राजनंदिनीने बाटलीचं झाकण उघडलं आणि घटाघटा पाणी पिऊन टाकलं. सासूने, साळूबाईने, हात धरेपर्यंत बाटली रिकामी झाली होती.

"आता आज न्हाई व्हायचं, आत्याबाई. आधी जालन्याला दाखवू."

साळूबाईला संताप आला. पोरीचं अंगावरून जाणं थांबत नव्हतं, गर्भपिशवीत मांसाचा कोंब निघाला होता आणि अंबडच्या या डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं, कॅन्सर होईल, पिशवी काढून टाका. सुनेच्या वयाची असताना साळूबाईलाही त्यांनी हेच सांगितलं होतं. तिने ऐकलं. लेकाच्या, भागवतच्या, पाठीवर दुसरं लेकरू झालं नाही, तिशीतच अंगाची आग व्हायला लागली, कंबर कायमची धरली. पण जीव वाचला, असं ती साऱ्या गावाला सांगत आली होती.

जालन्याच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफी नीट पाहिली.

"हा पॉलीप आहे. या वयात बहुतेक वेळा साधाच असतो, कॅन्सर क्वचित निघतो. दुर्बिणीतून तेवढा कोंब काढू आणि तपासायला पाठवू. पिशवी कशाला काढायची?"

"अन् वाईट निघालं तर?" साळूबाईने विचारलं.

"तर पुढचं ठरवू. तपासल्याशिवाय कसं सांगणार, मावशी?"

साळूबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

"माझी पिशवी काढली, तव्हा तपासली असंल का?"

"काही रिपोर्ट दिला होता?"

"न्हाई."



राजनंदिनीचा कोंब काढला. तपासणीत तो साधाच निघाला. भागवतने पेढे आणले. साळूबाईने एक तोंडात टाकला. मग मागच्या दारी जाऊन तिने तो थुंकून टाकला.

दुसऱ्या दिवशी धुतलेलं लुगडं नेसून ती एकटीच अंबडच्या गाडीत बसली.

त्याच डॉक्टरांच्या दवाखान्यात बाया दाटीने बसल्या होत्या.

"काय त्रास होऊन राह्यला, आजी?" कंपाउंडरने विचारलं.

"मला कायबी न्हाई."

बाकाच्या टोकाला एक पोरगेली बाई लेकराला मांडीवर घेऊन बसली होती. साळूबाई तिला सरकवून शेजारी टेकली.

"तुला काय सांगितलं गं डॉक्टरनं?" तिने विचारलं, शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात.