तीन भोकं की मोठा काप

न्हावी दुकानाची पाटी पुसताना शिडीवरून पडला. छातीचा फोटो काढला, तर बरगडी ठणठणीत आणि उजव्या फुप्फुसात वाटाण्याएवढी गाठ. सुई घालून तपासली, कर्करोग निघाला. लवकर सापडला, नशीब म्हणायचं, असं जो तो सांगे. दोन महिने इस्पितळाच्या रांगेत बसून न्हाव्याच्या बायकोला 'नशीब' हा शब्दही नकोसा झाला होता.

सर्जनबाई म्हणाल्या, "दुर्बिणीने करू. तीन लहान भोकं पाडून गाठीचा भाग काढायचा. दुखणं कमी, घरी लवकर. पण आत काही अडलं तर मोठा काप घ्यावा लागेल. सही दोन्हींसाठी करायची."

"मोठ्या कापाला माझी सही नाही," न्हावी म्हणाला. "दिवसभर हात वर धरून काम माझं. तो आखडला तर लोकांची डोकी काय कोपराने भादरू?"

"मग मी दुर्बीणही घालणार नाही. रक्त वाहू लागलं तर बघत बसू का?"

बायकोने विचारलं, "गाठ दोन्हींत सारखीच निघते?"

"हो. फरक पडतो तो नंतरच्या दुखण्यात."

"अहो, करा सही," ती म्हणाली. "हेच ऐकायला परत यायचं त्राण नाही माझ्यात."

त्याने केली.

ऑपरेशनच्या दिवशी तिसऱ्या तासाला नर्स बाहेर आली. "फुप्फुस रक्तवाहिनीला चिकटलं होतं. सोडवताना रक्त वाहू लागलं, म्हणून मोठा काप घ्यावा लागला. आता थांबलंय."

ती "बरं" म्हणाली आणि बसली. आता त्याला सांगायचं कसं, एवढंच तिच्या डोक्यात घोळत राहिलं.

सांगावं लागलं नाही. शुद्धीवर येताच त्याने काखेखालून पाठीकडे गेलेली पट्टी चाचपली आणि भिंतीकडे तोंड फिरवलं. दोन दिवस तो तिच्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी खोकल्याची उबळ आली. तिने कुशीला उशी दाबून धरली. त्याने तिचं मनगट घट्ट पकडलं.

"सही तू करायला लावलीस."

"लावली. नाहीतर गाठ अजून आतच असती. भांडायचं असेल तर घरी भांडू, इथं बाकावर पाठ मोडलीय माझी."

त्याला हसू फुटलं आणि कळ मस्तकात गेली. "हसवू नकोस गं."

पंधरा दिवसांनी रिपोर्ट आला. गाठ पूर्ण निघाली होती, कुठे पसरली नव्हती. औषधं नकोत, फक्त ठरावीक दिवसांनी तपासणी. "बरं," तो म्हणाला. आनंद करायलाही थोडी ताकद लागते.

भिंतीवरून बोटं चढवत त्याने हात मोकळा करत आणला. तिसऱ्या महिन्यात दुकान अर्धा दिवस उघडू लागलं. हात कानापर्यंत सहज जाई. टाळूचे केस कापायला गिऱ्हाइकाला खुर्चीत खाली सरकायला सांगे. दुपारी शटर ओढायला बायको आली, की दोघं गिऱ्हाइकांच्या खुर्च्यांत टेकत. थोड्या वेळाने दोघांचाही डोळा लागे.