वरातीत काकूचा आवाज

गडचांदुरात घरं हलवायचं काम एकतर खाणीतले सुरुंग करायचे, नाहीतर आमचा सूरज. सुरुवातीला तो सिनेमाच्या गाण्यांवर नुसती ढोलकी चढवायचा आणि मधेमधे स्वतःचं नाव ओरडून घ्यायचा. मग मुन्नाच्या सायबर कॅफेत त्याच्या कानी डबस्टेप नावाचं विलायती संगीत पडलं. ढोलकी गेली, ओरडणंही गेलं. आता गाणं हळूहळू चढायचं, एकदम थांबायचं, आणि असा बास कोसळायचा की बरगड्या थरथराव्यात. त्या कोसळण्याला पोरं ड्रॉप म्हणायची. २००९च्या लग्नसराईत त्याच्या डीजेशिवाय वरात निघेना. पोरगा हवेत होता, आणि हवा आम्हीच भरली होती.

सगळ्यात गाजलं ते त्याचं ‘राजा’ हे गाणं. त्यात ड्रॉपच्या आधी एक बाई लांब हेल काढायची. ती मैनाकाकू होती. आई गेल्यावर तिनंच तलावातली मासळी विकून सूरजला वाढवलं. काका वारले तेव्हा झाडीपट्टीतल्या रीतीनं ती प्रेतापाशी गाऊन रडली, आणि सूरजनं ते मोबाइलमध्ये भरून घेतलं. आठवण म्हणून, असं त्यानं स्वतःला पटवलं होतं. पुढे तोच आवाज त्यानं गाण्यात घातला.

काकूच्या लेकीचं, भाग्यश्रीचं लग्न सिंदेवाहीजवळच्या काकूच्या गावी होतं. भर दुपारी वरात मांडवाशी आली आणि पोरांनी ‘राजा’ मागितलं. सूरज कचरला. पण काकू आत चुलीपाशी होती, आणि एवढ्या बासात आवाज कोण ओळखणार? त्यानं गाणं लावलं.

पोरं नाचू लागली. म्हाताऱ्या मात्र मांडवातून लगबगीनं बाहेर आल्या आणि तोंडाला पदर लावून रस्त्यावरच बसल्या. रडणाऱ्या बाईला एकटीला रडू द्यायचं नाही, ही तिकडची रीत.

“कोण गेलं वो बाई?” त्यांतली सोमारीआजी विचारत होती.

सूरज घाबरला. गाणं बंद करायला गेला आणि घाईत भलतंच बटण फिरवलं. बास गेला, आवाज तेवढा उरला. “मले कोणाच्या भरोशावर सोडून गेला रे राजा...” हळदीच्या अंगानं भाग्यश्री दारात येऊन उभी राहिली. बापासाठीचं रडणं तिनं तिथंच ओळखलं.

मागून काकू आली. तिनं सूरजकडे एकदा पाहिलं. त्यानं वायरच उपटली.

“उठा वो बायाहो,” काकू म्हणाली. “कोणी नाई गेलं. माह्या पोराचं गाणं हाये ते.”

सूरजला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. चारचौघांत तिनं थोबाडीत दिली असती तर त्याला मान वर करता आली असती.