इस्त्रीपासून सहा पावलं

मी रागीट आहे हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको की बाईचा तोल गेला. माझा तोल जन्मापासूनच गेलेला आहे. घरात मला मिरची म्हणतात. नाव दादानेच ठेवलंय, आणि आयुष्यभर झोंबतेही त्यालाच.

आमची लाँड्री आहे. पुढे काउंटर, मागे इस्त्रीची खोली, मध्ये दार नसलेली नुसती चौकट. काउंटरपासून इस्त्रीच्या टेबलापर्यंत सहा पावलं. दादा मालक, म्हणजे तो फोनवर बोलतो आणि उंटावरून शेळ्या हाकतो. वहिनी मागे इस्त्री करायची. काउंटरवर मी. अकरा वर्षं.

आता माझं काम नीट समजून घ्या. गिऱ्हाईक कपडे टाकतं, आपण कपड्याला नंबराची चिठ्ठी टाचतो, ही जगाची रीत. मला नंबर लक्षात राहत नाहीत, नावं त्याहून नाहीत. पहिल्याच महिन्यात मी एका वकिलाचा काळा कोट एका खाटकाला देऊन टाकला, आणि खाटकाने तो दोन दिवस घातलाही. तेव्हापासून मी चिठ्ठीवर नंबराऐवजी गिऱ्हाइकाचा चेहरा काढायला लागले. पेन्सिलीच्या आठ-दहा रेघा, तो कपडे मोजत बडबडत असतो तेवढ्यात. अर्ध्या मिनिटाचा खेळ. माणूस कपडे न्यायला आला की एकदा त्याच्या तोंडाकडे बघायचं, एकदा चिठ्ठ्यांकडे, आणि गठ्ठा हातात द्यायचा. देण्याआधी चिठ्ठी काढून घ्यायची, हा नियम. या चिठ्ठ्या मी बुटांच्या खोक्यांत ठेवायची. चौदा खोकी भरली होती.

कधीकाळी दोन वर्षं मी चित्रकलेच्या कॉलेजातही गेले होते. तिथे समोर एक मडकं आणि दोन सफरचंदं ठेवायचे आणि म्हणायचे, काढा. चार-चार तास. मडकं काही बोलेल तर शपथ. माझा हात गोठून जायचा. सर म्हणाले, तुझ्यात प्रेरणाच नाही. बरं झालं, म्हटलं, सुटले. ती प्रेरणा का कोण, ती मला पुढे लाँड्रीत भेटली. रोज सकाळी आठला मळक्या कपड्यांचं बोचकं घेऊन यायची.

बस चालवणारा यायचा, त्याचा उजवा खांदा डाव्यापेक्षा दोन बोटं वर. दातांचा डॉक्टर यायचा, तो बोलताना कधी डोळ्यांत बघायचा नाही, ओठांकडे बघायचा, आणि मला उगाच तोंड मिटून घ्यावंसं वाटायचं. एक म्हातारा घड्याळजी होता, भिंग लावून लावून एक डोळा कायमचा बारीक झालेला. बँकेतली कॅशियर बाई कपडे टाकतानासुद्धा अंगठ्याला थुंकी लावायची. हे सगळे माझे होते. मला दुसरं काही नको होतं, लग्न नको होतं, प्रदर्शन नको होतं, फक्त ते काउंटर हवं होतं. तिथे उभी राहिले तर माझा हात चालतो, नाहीतर मी लाकूड आहे. दादाला हे मी शंभर वेळा सांगितलं होतं. पालथ्या घड्यावर पाणी.

मग मी चूक केली. माझीच, नाकारत नाही. शाळेच्या मोठ्या बाई आपला राखाडी कोट न्यायला आल्या होत्या. त्यांच्या मागे रांगेत एक नवीनच माणूस उभा होता, नाक असं की बघत राहावं, आणि मी बघतच राहिले. त्या नाकाच्या नादात मोठ्या बाईंचा कोट चिठ्ठीसकट त्यांच्या हातात गेला.

दुसऱ्या दिवशी बाई आल्या आणि चिठ्ठी काउंटरवर ठेवली. चिठ्ठीत त्यांचं तोंड घट्ट मिटलेलं होतं, चेन ओढून बंद केलेल्या पाकिटासारखं. हनुवटीवरचा मस होता, त्यातला केसही होता.

"हे काय आहे?" त्यांनी विचारलं.

मी तोंड उघडायच्या आत दादा धावत आला. माफ करा बाई, ही माझी बहीण जरा तशीच आहे, पुन्हा होणार नाही, हा कोट आमच्याकडून फुकट. बाई काहीतरी म्हणत होत्या, पण याच्या माफीच्या पुरात त्यांना शब्द टाकायला जागा मिळाली नाही. त्या चिठ्ठी उचलून निघून गेल्या. तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं. अकरा वर्षांत एक चूक, आणि हा माझी माफी मागून मोकळा. "जरा तशीच" म्हणजे कशी, हे मी त्याला संध्याकाळपर्यंत विचारत होते. तो फोन कानाला लावून फिरत राहिला.

आठवड्याने मशीन आलं. चिठ्ठी आपोआप छापतं, तिच्यावर काळ्या रेघा, लाल उजेड मारला की टुक करतं आणि गिऱ्हाइकाचं नाव सांगतं.

"आता काउंटरवर कुणीही बसू शकतं," दादा म्हणाला. "हिचे पाय सुजतात उभं राहून. ही पुढे बसेल. तू मागे इस्त्री घे."

मी वहिनीकडे बघितलं. तिने नको म्हणावं अशी माझी अपेक्षा होती. तिने एप्रन काढून खुंटीला लावला, साडीवर दोन्ही हात फिरवले आणि पुढे जाऊन बसली.

सांगते ना, मशीनचा मला राग आला नाही, मशीन बिचारं काय. दादाचा तर जुनाच होता. मला राग आला तो वहिनीचा. एका शब्दाने विचारलं नाही. सहा वर्षांपूर्वी तिने एकदा मला म्हटलं होतं, वन्सं, आठवड्यातून दोन दिवस मी पुढे बसू का, वाफेने जीव नकोसा होतो. मी म्हटलं होतं, तुला माणसं कळत नाहीत गं, घोळ घालशील. त्याचं उट्टं काढलंन, असं मला वाटलं, आणि असं वाटल्यावर मी तिच्याशी बोलणं टाकलं.

मागची खोली म्हणजे काय, ते मी अकरा वर्षं सहा पावलांवर राहून बघितलं नव्हतं. खिडकी नाही. वाफ तोंडावर येते, मानेवर येते, दुपारनंतर डोळ्यांत मीठ जातं. पहिल्या दिवशी मनगट भाजलं, तिसऱ्या दिवशी दुसरं. आणि चित्र म्हणाल तर शून्य. खिशात पेन्सिल होती, रद्दीचा कागद होता, समोर शर्टांचा डोंगर. शर्ट पुन्हा मडक्यासारखाच. गप्प.

आणि पुढून वहिनीचं हसू ऐकू यायचं. मी ते हसू घरात कधी ऐकलं नव्हतं. ती डॉक्टरला विचारायची, आता जेवणाचं कसं करता? घड्याळजीला सांगायची, कोपराला ठिगळ लावून देते, नवीन शर्ट कशाला घेता. माणसं कामं उरकूनही रेंगाळायची. माझ्या वेळी कुणी रेंगाळलं नव्हतं, अर्धं मिनिट झालं की मीच त्यांना हाकलायची.

दोन आठवड्यांनी न राहवून मीच तोंड उघडलं. "डॉक्टरच्या जेवणाचं तुला काय माहीत?"

"बायको गेली ना सोडून," वहिनी धुतलेले गठ्ठे उचलता उचलता म्हणाली. "पाच महिने झाले. तिचे ब्लाउज यायचे बंद झाले. त्याचे शर्ट तो स्वतः धुवायला बघतो आधी, मग कॉलर पिवळी पडली की आणून टाकतो."

मी पाच महिन्यांत त्या डॉक्टरचे वीस चेहरे काढले होते. एकातही बायको गेलेली नव्हती.

"आणि तो बसवाला," ती म्हणाली, "त्याचा खांदा वर आहे म्हणून तुम्ही चित्र दाखवलं होतं मला. शिवण तिरकी जायची त्याच्या शर्टाची, मला आधीच माहीत होतं. दुखतो तो खांदा त्याचा. तेलाचे डाग असतात आतून."

मग तिने माझ्या हातातला कोरा कागद बघितला. "काही जमत नाही का इथे?"

"इथे कोण आहे काढायला?"

हे वाक्य तोंडातून गेलं आणि मग मला ते ऐकू आलं. तिलाही आलं असणार.

"माझं काढा की," ती म्हणाली. "अकरा वर्षांत एकदाही काढलं नाहीत."

"तुझे कपडे कुठे यायचे काउंटरवर."

"हो, तेच," ती म्हणाली. "मला न्यायला कोण येणार होतं, म्हणून चिठ्ठी लागली नाही."

तिने हे चिडून म्हटलं असतं तर मी चौपट चिडले असते आणि प्रश्न मिटला असता. पण ती शर्टांच्या घड्या मोजत होती. बत्तीस, तेहेतीस. मी पेन्सिल काढली आणि म्हटलं, बस. ती स्टुलावर बसली. अर्धं मिनिट गेलं, पाच मिनिटं गेली, दहा गेली. जगातल्या कुठल्याही हमालाचं तोंड मी आठ रेघांत पकडते, आणि ज्या बाईच्या हातचं मी अकरा वर्षं जेवते तिचं नाक कुठून सुरू होतं ते मला सापडेना. कपाळ काढलं ते कुणा दुसरीचं झालं. तिच्या डाव्या भुवईतून एक जुना व्रण जातो, तो मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितला. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो असा. मी कागद चुरगाळला. रागाने, पण या वेळी राग कुणाचा ते नक्की होतं.

"राहू द्या," वहिनी म्हणाली. "गिऱ्हाईक आलंय." आणि गेली.

त्यानंतर चार दिवसांनी शाळेच्या मोठ्या बाई आल्या. मी चौकटीतून बघत होते. त्यांनी पर्समधून माझी चिठ्ठी काढली. इतके दिवस जपून ठेवली होती.

"हे कुणी काढलं ते मला त्या दिवशी विचारायचं होतं," त्या दादाला म्हणाल्या. "तुम्ही बोलूच दिलं नाहीत. मी निवृत्त होतेय. शाळेत लावायला माझं चित्र हवंय. फोटोत मी प्रेमळ दिसते. तशी मी नाहीये, पोरांना विचारा. ज्यांनी हे काढलं त्यांच्याकडूनच मला मोठं काढून हवंय."

दादाचं तोंड बघण्यासारखं झालं. बाई बाहेर पडेपर्यंत तो मान हलवत होता, आणि त्या गेल्याबरोबर त्याच्या डोक्यात दिवे लागले. काउंटरवर पाटी लावू म्हणाला, कपडे टाका आणि चेहरा काढून घ्या. शहरात कुणाकडे नाही असं. चौदा खोकी बाहेर काढू, भिंतीवर लावू. आणि मग टेबल सरकवल्यासारखं म्हणाला, "सोमवारपासून तू पुढे. ही मागे जाईल."

मला हवं होतं तेच. तीन आठवडे मी झोपेतसुद्धा तेच मागत होते. दादाने स्वतःच्या तोंडाने ते माझ्या पदरात टाकलं, आणि मी वहिनीकडे बघितलं.

ती खुर्चीवरून उठली, खुंटीवरून एप्रन काढला, सोमवारची वाटसुद्धा न बघता. एप्रनच्या नाड्या मागे बांधताना तिने मान खाली घातली, आणि तिचा चेहरा मला दिसला. सबंध. नाक कुठून सुरू होतं, ओठ कुठे आवळले जातात, भुवईतला व्रण कसा आत ओढला जातो, सगळं. अकरा वर्षं रोज सकाळी ती हाच चेहरा घेऊन आत जात असणार. आणि मी पाठ फिरवून पेन्सिलीला टोक काढत असणार.

"बस तिथेच," मी म्हटलं.

"अगं, सोमवारपासून म्हटलं तरी—" दादा म्हणाला.

"सोमवारी नाही, कधीच नाही. ती पुढेच बसेल. इस्त्री तू कर."

"मी?"

"का, तुझे हात काय शोभेचे आहेत?"

"वेडी आहेस का तू? तुलाच हवं होतं ना काउंटर? डोकं खाल्लंस माझं त्यापायी."

"हवंय अजून," मी म्हटलं. खोटं कशाला बोलू.

दादाने आमच्या दोघींकडे आळीपाळीने बघितलं, कपाळावर हात मारला, फोन कानाला लावला आणि नेहमीसारखा कुठेतरी निघून गेला. वहिनी एप्रनच्या नाड्या हातात धरून उभी होती. "वन्सं," ती हळूच म्हणाली, "माझ्यासाठी नका करू."

"तुझ्यासाठी कोण करतंय," मी म्हटलं आणि तिच्या अंगावरून एप्रन ओढून घेतला.

आत चाळीस शर्ट पडले होते, सहा वाजता द्यायचे होते, आणि दादा काही परत येणार नव्हता. मी इस्त्री चालू केली. बाहेर बसवाला आला होता, वहिनी त्याला खांद्याचं विचारत होती, आणि तो इतक्या वर्षांत जे माझ्याशी बोलला नव्हता ते सगळं तिला सांगत होता. मी पहिला शर्ट टेबलावर टाकला आणि कॉलर दाबली. मला प्रचंड राग आला होता, कारण या वेळी मला कुणी मागे ढकललं नव्हतं.